घरी शिकणाऱ्या मुलाचे तर्कशास्त्र : अभ्यासक्रम कोणता निवडावा?

दिघी हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत आणि मधून आळंदीला जाणारा रस्ता अशी या गावाची ठेवण आहे. या पट्ट्यात शाळेबाहेर राहून शिकणारी मुले दोन प्रकारची आढळतात. काही सुशिक्षित, सुस्थित आईबाप विचारपूर्वक मुलाला शाळेतून काढतात आणि घरी शिकवतात. काही मुलांची शाळा बापाचे कंत्राट संपले म्हणून, घर बदलले म्हणून, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नाही म्हणून सुटते आणि पुढे ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतात. पहिल्या मुलाला ‘होमस्कूलिंग’ करणारा म्हणतात, दुसऱ्याला ‘गळती’ म्हणतात. दोघेही घरीच बसून पुस्तक वाचत असतात. एकाच कृतीला दोन नावे कशी मिळतात, हा प्रश्न स्वतःच तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात घालण्यासारखा आहे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. चौदा वर्षांनंतर मुलाने काय शिकावे, कशातून शिकावे ही जबाबदारी व्यवहारात कुटुंबावर आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांवर येऊन पडते. गणित, इंग्रजी, इतिहास यांची पुस्तके कशीबशी मिळतात. परंतु नीट विचार कसा करावा, दुसऱ्याचा युक्तिवाद कसा तपासावा, हे शिकवणारा विषय बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही. तो विषय म्हणजे तर्कशास्त्र. घरी शिकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुला-मुलीसाठी त्याचा अभ्यासक्रम कसा निवडावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय आपला नव्हे, तो फुरसतीच्या वर्गाचा आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. हा समज कोठून आला हे पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, हेतुशास्त्राचा आधार घेऊन जो श्रुतिस्मृतींचा अवमान करील त्याला सज्जनांनी बहिष्कृत करावे, असा दंडक आहे. हा दंडक द्विजासाठी सांगितलेला आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्याला वाचण्याचा अधिकार होता त्यालाही तर्काचा अधिकार नव्हता. ज्याला वाचण्याचाच अधिकार नव्हता त्याच्यासाठी वेगळी तर्कबंदी करण्याची गरजच कोणाला वाटली नसावी. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात नेमके हेच मर्म पकडले आहे. जात ही विवेकाने मोडता येईल असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की, ज्या समाजाच्या शास्त्रांनी विवेक वापरण्याची मुभाच काढून घेतली आहे तो समाज विवेक वापरणार कसा? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली ती या अर्थानेही पाहता येते. त्या दिवशी हेतू विचारण्याची बंदी मोडली गेली.

आणि हेतू विचारणे आपल्याकडे विद्यापीठातून सुरू झाले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मांग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्या निबंधातील वेदना आपण अनेकदा सांगतो. त्याची बांधणी मात्र क्वचित पाहतो. तिच्या म्हणण्याचा सांगाडा असा मांडता येईल : वेद आमचेच, असे ब्राह्मण म्हणतात. वेद केवळ त्यांचे असतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नसेल तर आम्ही धर्मरहित आहोत. म्हणून, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, आम्ही धर्मरहित ठरतो. ही जर-तर विधानांची साखळी आहे आणि ती पूर्णपणे वैध आहे. प्रतिपक्षाचेच विधान घ्यायचे आणि ते त्याला नको असलेल्या निष्कर्षापर्यंत नेऊन सोडायचे, ही रीत त्या मुलीने वापरली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, इंग्लंड-आयर्लंडकडे जॉर्ज बूल या गणितज्ञाने विचारांचे नियम बीजगणितासारख्या चिन्हांत मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. बूलने सांगितलेल्या घाटाचा विचार मात्र पुण्यातील एक मुलगी त्याच सुमारास आपल्या जगण्यासाठी करीत होती. तर्कशास्त्र परक्यांचे, असे म्हणणाऱ्याने एवढे तरी विसरू नये.

आता तर्कशास्त्र शिकवते काय? त्याचा सर्व भर एका भेदावर आहे. विधान सत्य किंवा असत्य असते, युक्तिवाद वैध किंवा अवैध असतो. आधारविधाने सत्य मानली तर निष्कर्ष नाकारता येत नाही, अशी बांधणी असेल तर युक्तिवाद वैध. मग आधारविधाने प्रत्यक्षात सत्य असोत वा नसोत.

हा भेद किती कामाचा आहे हे आपल्या रोजच्या वादांतून पाहू. “जो गुणवान असतो त्याला परीक्षेत वरचे गुण मिळतातच. या मुलाला मिळाले नाहीत. म्हणून हा मुलगा गुणवान नाही.” हे वाक्य आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत निरनिराळ्या वेषात येते. आपला कार्यकर्ता चिडून म्हणतो, हे सगळे खोटे तर्कट आहे. पण तसे नाही. ही बांधणी वैध आहे. उत्तरांग नाकारले की पूर्वांग नाकारावे लागते. दोष बांधणीत नसून पहिल्या विधानात आहे. गुणवत्ता असली की गुण मिळतातच, हे विधान शिकवणी, पुस्तके, घरातली जागा, घरची भाषा आणि शाळेतली भाषा यांतले अंतर, हे सारे गिळून टाकते. हल्ला तेथे करावा लागतो. त्याच्या उलट दुसरा युक्तिवाद घ्या. “गुणवान असेल त्याला वरचे गुण मिळतात. याला वरचे गुण मिळाले. म्हणून हा गुणवान.” येथे पहिले विधान घटकाभर मान्य केले तरी निष्कर्ष निघत नाही. उत्तरांग स्वीकारून पूर्वांग सिद्ध केल्याचा हा दोष आहे. पहिल्या ठिकाणी पुरावा मागायचा, दुसऱ्या ठिकाणी बांधणीच मोडून दाखवायची. कोठे काय करायचे हे ज्याला कळत नाही तो खरी बाजू घेऊनही वादात हरतो. तर्कशास्त्राच्या शिक्षणात आपले जे पणाला लागले आहे ते हेच.

दिघी-भोसरी-चाकणच्या मुलाला या विषयाचे साहित्य घरातच मिळते. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या बापाला विचारा. अनेक प्रेसना दोन हातांची दोन बटणे असतात आणि दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली उतरतो. हे ‘आणि’ आहे. दिव्याचे दोन स्विच एकामागे एक जोडले तर दोन्ही चालू केल्यावरच दिवा लागतो, तेही ‘आणि’. शेजारी-शेजारी, समांतर जोडले तर कोणताही एक पुरतो, ते ‘किंवा’. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुण अभियंत्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, बूलचे बीजगणित आणि रिलेंचे विद्युतमंडल यांची रचना एकच आहे. आज आयटीआयचा मुलगा पीएलसीवर जी लॅडर आकृती काढतो तिचा पाया हाच. म्हणजे चाकणच्या कारखान्यात मुलगा ज्याला ‘लॉजिक’ म्हणतो आणि बारावी कलाशाखेत ज्याला तर्कशास्त्र म्हणतात ती दोन शास्त्रे नाहीत. एक सेल, दोन स्विच, एक छोटा दिवा आणि थोडी वायर एवढ्यावर सत्यता-कोष्टकाचा पहिला महिना निभावतो.

प्रेसचे उदाहरण आणखी पुढे नेता येते. समजा, उत्पादन वाढावे म्हणून एका बटणात पाचर ठोकली. मंडल आजही बरोबर चालते, दोन्ही बटणे ‘दाबलेली’ असतात आणि प्रेस उतरतो. मंडलाच्या बांधणीत चूक नाही. ‘बटण दाबलेले असेल तर हात बटणावर असतो’ हे गृहीत विधान मात्र असत्य झाले आहे. बोटे जातात ती या असत्य विधानामुळे. मग चौकशीत लिहिले जाते : कामगार निष्काळजी असेल तर अपघात होतो, अपघात झाला, म्हणून कामगार निष्काळजी होता. हा वर सांगितलेला उत्तरांग-स्वीकाराचा दोष आहे, आणि पाचर कोणाच्या सांगण्यावरून ठोकली हा प्रश्न त्यात बुडून जातो. कामगार निष्काळजी होता असे घटकाभर मानले तरी भरपाई बुडते असेही सिद्ध होत नाही. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात मालकाला सूट होती ती कामगार नशेत असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढणे यांपैकी काही अपघाताचे थेट कारण असेल तर. तीही सूट मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मिळत नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रचना ठेवली आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर-तर’ ही चारही जोडणी या एका तरतुदीत आहेत. ती कोष्टकात मांडून दाखवणे हा पंधरा वर्षांच्या मुलीला जमणारा स्वाध्याय आहे, आणि तो तिच्या घराला कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमांकडे वळू. महाराष्ट्रातील मुलासाठी पहिला विचार राज्य मंडळाच्या तर्कशास्त्राचा करावा. उच्च माध्यमिक स्तरावर कलाशाखेत हा वैकल्पिक विषय आहे आणि त्याची पुस्तके मराठीत आहेत. २०१९ साली अकरावीचे व २०२० साली बारावीचे पुस्तक आले. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य ठेवलेली आहेत. अकरावीत तर्कशास्त्राचे स्वरूप, विधानांचे प्रकार, सत्यता-कोष्टक, निगामी सिद्धता, विगामी अनुमान, तर्कदोष असे विषय आहेत. बारावीत कोष्टकाची संक्षिप्त रीत, सिद्धतेच्या पुढील रीती, विधेय तर्कशास्त्र, पारंपरिक तर्कशास्त्र, अभ्युपगम आणि वैज्ञानिक स्पष्टीकरण येते. चिन्हांचे नियम साधारणपणे अमेरिकन तर्कज्ञ अर्व्हिंग कोपी यांच्या पाठ्यपुस्तकांच्या वळणाचे आहेत. कोपींचे प्रास्ताविक पुस्तक १९५३ चे, आणि भारतातील विद्यापीठांत त्याने पिढ्या शिकवल्या. मंडळाच्या अभ्यासक्रमाचा मोठा फायदा असा की, शिकलेले गुणपत्रिकेवर येते. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे बाहेरून बसणाऱ्यालाही तो सोयीचा आहे. केंद्र, वय व मुदत यांच्या अटी मात्र त्या त्या वर्षी मंडळाकडून विचारून घ्याव्यात.

येथे एक खड्डा आहे. बाहेरून बारावीला बसणारा मुलगा अकरावीचे पुस्तक उघडतच नाही, कारण त्याची परीक्षा नसते. तर्कशास्त्रात हे चालत नाही. बारावीचे पुस्तक अकरावीच्या खांद्यावर उभे आहे. सत्यता-कोष्टक हातात बसलेले नसताना संक्षिप्त रीत शिकणे म्हणजे पाढे न येता भागाकार करणे. असा मुलगा नियमांची नावे पाठ करतो, परीक्षेत गुणही मिळवतो आणि वर्तमानपत्रातला साधा दोष त्याला दिसत नाही. म्हणून परीक्षा बारावीची असली तरी पहिले सहा महिने अकरावीच्याच पुस्तकाला द्यावेत.

इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलासाठी दुसरा मार्ग आहे. पी. डी. मॅग्नस या अमेरिकन प्राध्यापकांचे ‘फॉरऑल एक्स’ हे पाठ्यपुस्तक मुक्त परवान्याखाली आहे. कोणालाही ते उतरवून घेता येते, छापता येते, त्यात बदल करून वाटताही येते. त्यातील भाषा सरळ आहे, स्वाध्याय भरपूर आहेत. ज्या मंडळाला, वाचनालयाला किंवा अभ्यासवर्गाला एखादे पुस्तक मराठीत आणावयाचे आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा.

तिसरा प्रकार परदेशी घरशिक्षणाच्या संचांचा आहे. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला व्याकरण, तर्क व वक्तृत्व या मध्ययुगीन त्रयीची बाजू मांडणारे भाषण केले. पौगंडावस्थेतले मूल वाद घालतेच, तर त्याला वाद नीट घालायला शिकवावे, असा त्यातील विचाराचा गाभा होता. अमेरिकेतील घरशिक्षणवाल्यांनी तो उचलला आणि या वयासाठी तर्काचे स्वतंत्र संच निघाले. स्वाध्याय, उत्तरे, शिकवणाऱ्या पालकासाठी टिपा हे सारे त्यात व्यवस्थित असते. परंतु त्यांतील बरेच संच ख्रिस्ती प्रकाशकांचे आहेत आणि उदाहरणे त्यांच्या श्रद्धाविश्वातली असतात. किंमतही कामगाराच्या घराला झेपणारी नाही. याचा राग करण्याचे कारण नाही. उदाहरण कधीच तटस्थ नसते, हा धडा मात्र त्यातून घ्यावा. बांधणी सर्वांची असते, तिच्यात भरलेले जग कोणाचे तरी असते. आपल्या मुलाने बांधणी घ्यावी आणि जग आपले भरावे.

चौथा मार्ग भारतीय तर्कपरंपरेचा. तो गौरवासाठी नव्हे, उपयोगासाठी घ्यावा. न्यायदर्शनाचे पाच अवयव प्रसिद्ध आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. दिघीच्या दत्तगडावर आग आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे धूर तेथे आग, जशी चूल, तसाच हा गड, म्हणून तेथे आग आहे. पाचव्या-सहाव्या शतकातील दिङ्नाग या बौद्ध आचार्यांनी हेतूला तीन कसोट्या लावल्या. ज्याविषयी बोलतो आहोत तेथे हेतू असला पाहिजे, तशाच इतर ठिकाणी तो आढळला पाहिजे आणि विरुद्ध ठिकाणी तो मुळीच आढळता कामा नये. त्यांचे ‘हेतुचक्र’ तिबेटी भाषांतरातून टिकून राहिले, आणि पुढे धर्मकीर्तींनी हा विचार अधिक काटेकोर केला. तिसरी कसोटी आपल्या मुलाने कायम खिशात ठेवावी. “हा कामात कच्चा, कारण हा आरक्षणातून आला.” या हेतूला विरुद्ध पक्षात नेऊन पाहा. आरक्षणातून आलेला आणि कामात पक्का असा एक जरी माणूस सापडला तरी हेतू व्यभिचारी ठरतो, म्हणजे काहीच सिद्ध करीत नाही. असा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मग निवड कशी करावी? कोणतेही पुस्तक हातात आले की काही गोष्टी पाहाव्यात. ते मुलाला समजणाऱ्या भाषेत आहे काय? सत्य आणि वैधता यांचा भेद पहिल्या काही पानांतच स्पष्ट केला आहे काय? स्वाध्याय आणि त्यांची उत्तरे आहेत काय? घरी शिक्षक नसतो, त्यामुळे उत्तरांशिवायचे पुस्तक म्हणजे आरशाशिवायची दाढी. चिन्हे वाक्यांतून उगवतात की वाक्यांना बाजूला सारून येतात? आणि शेवटी, पुस्तक तर्कदोषांच्या यादीने सुरू होते काय? होत असेल तर ते मागे ठेवावे. दोषांची नावे आधी शिकलेले मूल समोरच्याच्या प्रत्येक वाक्यावर नाव चिकटवत सुटते आणि स्वतः एक युक्तिवाद बांधू शकत नाही. आपल्या चळवळीत अशा नाव चिकटवणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती.

या कसोट्या लावून एक वर्षाची आखणी सुचवता येते. आठवड्यातून तीन वेळा पाऊण-पाऊण तास पुरे. पहिले दोन महिने एकही चिन्ह नको. वर्तमानपत्रातील अग्रलेख, महापालिकेची नोटीस, निवडणुकीतले भाषण घ्यावे आणि आधारविधाने व निष्कर्ष वेगळे करावेत. पुढचे चार महिने अकरावीचे पुस्तक, सोबत स्विच आणि दिवा. त्यानंतर चार महिने बारावीची सिद्धता व विधेय तर्कशास्त्र. ‘सर्व’ आणि ‘काही’ यांचे निषेध येथे नीट घोटून घ्यावेत, कारण ‘सर्व तसे नाहीत’ आणि ‘एकही तसा नाही’ यांतली गल्लत जातीविषयीच्या बोलण्यात पदोपदी होते. उरलेल्या दोन महिन्यांत दिङ्नागांच्या कसोट्या आणि तर्कदोष. शक्य असेल तर दोन-तीन मुलांनी एकत्र बसावे. हा विषय एकट्याने वाचता येतो, पण पक्का होतो तो समोर कोणी ‘कशावरून?’ म्हणणारा असला की. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेल्या जॉन ड्यूई यांचाही भर यावरच होता की, विचार प्रश्नातून सुरू होतो आणि तो चारचौघांत तपासला जातो.

तर्कशास्त्राकडून नको ती अपेक्षाही करू नये. ते विधाने पुरवीत नाही. ती अनुभवातून, अभ्यासातून, माणसांच्या दुःखातून आणावी लागतात. कालामांना उपदेश करताना तथागतांनी केवळ परंपरा आणि ग्रंथप्रामाण्य नाकारले असे आपण सांगतो. त्याच यादीत नुसता तर्कही आहे, हे मात्र सांगायचे राहते. तर्कात बसते एवढ्यावरून काही स्वीकारू नका, ते हितकर की अहितकर हे स्वतः जाणून घ्या, असा त्याचा आशय आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ते ठिकाण याच पट्ट्यात, दिघीहून फार दूर नाही. तेथे वंदनेला जाणाऱ्या मुलाला हा उपदेश पाठ असावा आणि त्यातली बांधणी तपासण्याची सवयही असावी.

शाळा सुटली म्हणून मुलाचा विचार सुटता कामा नये. पुस्तक विनामूल्य मिळते, साधन चाळीस-पन्नास रुपयांत जमते, उदाहरणे कारखान्यात आणि रस्त्यावर पडलेली आहेत. शिकवायला तर्कशास्त्राचा पदवीधरच हवा असे नाही. मुलाच्या आधी दोन पाने वाचणारी आई, आयटीआय झालेला भाऊ, वस्तीतील एखादा शिक्षक यांपैकी कोणीही एक पुरतो. समांतर जोडलेल्या स्विचांचा नियम येथेही लागू आहे.